सात तारखेचे चौदा हजार

"कागदाचं ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमाला सवताला किती पडत्यात, त्ये सांगा."

अनुसयाबाई गिड्डेंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या घरातल्या एकमेव खुर्चीवर बसले होते आणि माझ्या हातात गुळाचा खडा होता. शेजारी पोत्यावर बसून खरमाटे सर शेंगा फोडत होते. ते फोडायचे थांबले आणि वर पत्र्याकडे बघायला लागले. पत्र्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

जूनचा पहिला आठवडा होता. आटपाडीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं गाव, भर दुपार, पंखा नाही. खरमाटे सर आणि मी एका बी.एड. कॉलेजचे प्राध्यापक. 'प्राध्यापक शिंत्रे' म्हणायचं ते आपलं माझ्या ओळखपत्रावर. मे-जूनमध्ये आम्ही सरांच्या मोटरसायकलवरून गावोगाव विद्यार्थी गोळा करत हिंडायचो. प्रत्येकाने पाच प्रवेश आणायचे, नाही आणले तर पुढच्या वर्षी यायची तसदी घेऊ नये, असा संस्थेचा हुकूम होता. एप्रिल-मेचा पगारही तेवढ्यासाठी अडकवून ठेवलेला. माझे चार झाले होते. मुदतीला दोन दिवस उरले होते. पाचवी जयमाला गिड्डे होणार की नाही, यावर माझी नोकरी होती.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बारीक अंगाची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, बी.एस्सी.ला गणितात एकाहत्तर टक्के मिळवलेली मुलगी. हातात शंभर पानी वही. त्या वहीत तिने मधोमध रेघ मारून दोन बाजूंना दोन हिशेब लिहिले होते, आणि आम्ही येऊन पाणी प्यायलो न प्यायलो तोच ते वाचूनही दाखवले होते.

डाव्या बाजूला गावातली अंगणवाडी. सेविकेची जागा निघाली होती आणि जयमालाचा यादीत पहिला नंबर लागला होता. मानधन चार हजार, कर्ज नाही, जायचं चालत. आठ दिवसांत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्या नंबरच्या शालनला जाणार. हजर होण्याचं पत्र खिळ्याला अडकवलेलं होतं, त्यातले पाच दिवस संपले होते.

उजव्या बाजूला आमचं बी.एड. फी, बस, पुस्तकं आणि पाठाचं सामान धरून ऐंशी हजारांचं कर्ज. एक वर्ष शिकायचं. मग दोन हजारांचा हप्ता, पाच वर्षं. शिक्षणसेवक म्हणून लागली तर पहिली तीन वर्षं आठ हजार, त्यानंतर पूर्ण पगार.

"लागली तर," अनुसयाबाई म्हणाल्या होत्या.

त्यावर मी कॉलेजचं पत्र काढून दिलं होतं. सुरुवातीचा पगार किती मिळेल, असं बँक विचारायची, म्हणून आम्ही तशी पत्रं आधीच टाइप करून ठेवत असू. 'अपेक्षित प्रारंभिक वेतन दरमहा रु. ८,०००', खाली गोल शिक्का. दोन वर्षं भरती बंद होती, ते त्या पत्रात कुठेही नव्हतं. मीही ते बोलले नव्हते. अनुसयाबाईंनी पत्र हातात घेतलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत दिलं. कागदाचं राहू द्या म्हणाल्या ते तेव्हा.

"न्हाई, राग मानू नका," त्या पुढे म्हणाल्या, "मी धा वर्सं झाली शाळंत खिचडी शिजवती. म्हैन्याला हजार रुपयं. रोज बगती की, बाई येत्यात, फळ्यावर लिवत्यात, पोरं उटून उबी ऱ्हात्यात. त्या बाईंचं जेवून झालं की डबा मीच घासती. मला वाटतं, माजी पोर बाई व्हावी. पण वाटून काय करायचं? हिचा बाप न्हाई. हमीवर सई माजी लागणार. म्हणून इचारती, तुमी मास्तरांच्या मास्तरीण. तुमाला किती पडत्यात?"

मला किती पडत होते, ते सांगते. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यावर एकवीस हजार सहाशे रुपये जमा होत. नोकरीला लागताना संस्थेने माझ्याकडून सह्या केलेलं कोरं चेकबुक घेऊन ठेवलं होतं. सात तारखेला त्यातल्या एका चेकवर चौदा हजार निघत आणि संस्थेकडे परत जात. मला उरत सात हजार सहाशे. सगळ्यांचं असंच होतं. विद्यापीठाची समिती तपासणीला आली की आम्ही पासबुकं पुढे करायचो, समिती जमेची बाजू बघायची आणि जेवायला जायची.

त्या आठवड्यात समिती यायची होती, म्हणून पासबुक माझ्या पर्समध्येच होतं.

सात हजार सहाशे म्हणाले असते तर ती बाई उठली असती आणि खिळ्यावरचं पत्र मुलीच्या हातात देऊन तिला अंगणवाडीत पाठवून आली असती. एकवीस हजार सहाशे म्हणायला जीभ रेटेना. मी गुळाचा खडा ताटलीत ठेवला, पदराला हात पुसले, पर्स उघडली आणि पासबुक अनुसयाबाईंच्या हातात दिलं.

"तुम्हीच बघा," मी म्हणाले.

त्यांनी ते जयमालाकडे दिलं. "वाच गं."

पासबुक तिच्या हातात गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी ते समितीला दाखवत नव्हते. ही मुलगी गणिताची होती. तिने पहिलं पान बघितलं, उलटलं, दुसरं बघितलं. तिचं बोट जमेच्या रकान्यावरून खाली येत होतं. मग ते डावीकडे सरकलं. एका ओळीवर थांबलं. तिने मागचं पान पुन्हा उघडलं, तिथेही बोट त्याच जागी थांबलं. मग तिसरं पान. खरमाटे सर अजून वर पत्र्याकडेच बघत होते.

जयमालाने वर पाहिलं. माझ्याकडे नुसती बघत राहिली, बराच वेळ. त्या नजरेत राग नव्हता, मला तो हवा होता असं आता वाटतं. तिने पासबुक मिटून माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी, आणि आईकडे वळली.

"एकवीस हजार सहाशे, आई. दर म्हैन्याला."

"बया!" अनुसयाबाई म्हणाल्या. आणि मग हसल्या. दुपारभर हसल्या नव्हत्या. "मग हेच करायचं. चार हजाराला काय धरून बसायचं गं?"

त्यांनी खिळ्यावरचं पत्र काढलं, घडी घालून जयमालाला दिलं आणि शालनच्या घरी तसा निरोप द्यायला सांगितलं. ती उंबऱ्यात चपला घालताना मी तिला हाक मारायला हवी होती. तोंड उघडलंही होतं. "फॉर्मवर दोन फोटो लागतील," एवढंच बाहेर पडलं.

परतताना गावाबाहेर आल्यावर खरमाटे सरांनी गाडी बाभळीखाली थांबवली.

"मॅडम, पासबुक दाखवायची काय गरज होती? तोंडानं सांगून टाकायचं की."

"तोंडानं सांगितलं असतं तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं."

"आणि आता?"

मी म्हणाले, चला, उशीर होतोय. तिसऱ्या दिवशी माझा दोन महिन्यांचा पगार जमा झाला. आणि नेहमीच्या दिवशी त्यातला वाटा गेलाही.

वर्षभर जयमाला आमच्याकडे शिकली आणि वर्षभर मी तिला टाळलं. ती एकटी समोरून येताना दिसली की मी स्टाफरूममध्ये शिरायचे. आज ना उद्या ती विचारणार, मॅडम, ते दर महिन्याचे चौदा हजार कुठे जात होते? त्याला उत्तर म्हणून मी चार-पाच थापा तयार करून ठेवल्या होत्या. त्यांतली एकही वापरायची वेळ आली नाही. ती कधी विचारायलाच आली नाही. उलट माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळा पुसायला वळले की धावत येऊन डस्टर हातातून घ्यायची.

शिकवायची मात्र फार छान. तिचा एक पाठ मला अजून आठवतो. पाचवीचा वर्ग, अपूर्णांक. बाकीच्या मुली पुठ्ठ्याचे रंगीत गोल कापून आणायच्या. हिने आईकडून भाजून घेतलेल्या सहा भाकऱ्या आणल्या, फडक्यात गुंडाळून. अर्धी, पाव, पावाची अर्धी असं करत ती वाटत गेली आणि पोरं खात गेली. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "बाई, माझा एक अष्टमांश ह्यानं खाल्ला!" पाचवीतल्या पोराच्या तोंडी एक अष्टमांश! मी निरीक्षण वहीत 'शैक्षणिक साधन टिकाऊ नाही' असा शेरा मारला. तसा मारायची पद्धत होती. आणि वीसपैकी एकोणीस गुण दिले. तास संपल्यावर उरलेली चतकोर भाकरी तिने मला आणून दिली. ती मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

ती कॉलेजात पहिली आली. निकालाच्या दिवशी अनुसयाबाई आल्या होत्या, कॉलेजचं फाटक पहिल्यांदाच बघत होत्या. माझ्या पाया पडायला वाकल्या. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठ्या बाई. मी त्यांना दंड धरून उभं केलं आणि कामाचं निमित्त काढून आत निघून गेले.

पुढचं मला खरमाटे सरांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. भरती काही उघडली नाही. जयमाला एका विनाअनुदानित हायस्कुलात लागली, अनुदान आलं की मागचा सगळा पगार देऊ या बोलीवर. दोन वर्षं फुकट शिकवलं. अनुदान आलं नाही. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत साडेतीन हजारांवर गेली, त्यातले हजार बसलाच जायचे. हप्ते थकले. कर्ज आणि खिचडीच्या मानधनाचं खातं एकाच बँकेत होतं. बँकेने अनुसयाबाईंचं खातं गोठवलं. महिन्याचे हजार रुपये जमा व्हायचे आणि कर्जात वळते व्हायचे.

"म्हातारी फुकट खिचडी शिजवतीय म्हणायची," सर एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले.

"अंगणवाडीत कोण आहे?"

"शालन. तिचं मानधन वाढलं की परवाच."

तेव्हा मी काही करू शकले असते का? हो. फार नाही, पण दोन-चार हप्ते भरू शकले असते. कॉलेज अजून चालू होतं, मला थोडे वाढवूनही मिळत होते. मी पिशवीत मेथीची जुडी टाकली आणि घरी आले. मी वाईट बाई आहे असं मला तोपर्यंत वाटायचं नाही. त्या दिवशी वाटलं, आणि तरी मी काही केलं नाही.

मग विद्यार्थी मिळेनासे झाले. आमच्या पासबुकांना भुलायलाही कुणी उरलं नाही. कॉलेज बंद पडलं. न वापरलेले चेक संस्थेने परत दिले नाहीत, ते मीही मागितले नाहीत. खातंच बंद केलं. विट्याला राहायला आले आणि घरीच आठवी-नववीच्या शिकवण्या घ्यायला लागले. अजून तेच करते.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, सकाळची शिकवणी सुटल्यावर दारात एक बाई उभी राहिली. मी ओळखलं नाही. मग तिने चपला काढल्या, बाजूला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आणि मी ओळखलं. वेणी तशीच घट्ट होती. कानाजवळ केस पांढरे झाले होते. तिशी नुकतीच ओलांडलेली मुलगी ती.

"मॅडम, पत्ता लई शोधला तुमचा. खरमाटे सरांनी दिला शेवटी."

मी तिला आत घेतलं. आता ही विचारणार, असं मनात म्हणत चहा टाकला.

ती विचारायला नव्हती आली. तिने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद. बँकेचा. कर्जखाते पूर्ण भरणा होऊन बंद, कोणतीही बाकी नाही.

"काल मिळाला. ऐंशी हजाराचं शेवटी एक लाख सदतीस हजार भरलं. म्हणलं, पैला पेढा मॅडमना."

"कुठल्या शाळेत आहेस आता?"

"शाळा सोडली की. चार वर्सं झाली. डाळिंबाच्या पॅकिंगला हाय. माल निवडायचा, वजनापरमाणं पेट्या भरायच्या. रोज साडेतीनशे. हिशेब पण माझ्याकडंच असतोय, मुकादमाला गुणाकार येत न्हाई." ती हसली. "शाळंपेक्षा बरं. निदान फेडता आलं."

"आणि आई?"

"आई गेली, मॅडम. गेल्या श्रावणात. कागद बघायला पायजे होती. म्हैन्याला बँकेत जायची ना, पासबुक भरून आणायची, मला म्हणायची, वाच गं, किती ऱ्हायलं. मी वाचायची. मग म्हणायची, शिंत्रे मॅडमसारखं कवा येणार आपलं पासबुक." तिने पदराने डोळे पुसले, पण चटकन, उगाच वेळ न घालवता. "मला कवाच बोलली न्हाई ती. अंगणवाडीचं पत्र सोडलं म्हणून येक शब्द न्हाई. शालन दिसली तरी न्हाई."

मला रडू येत होतं आणि रडायचा मला हक्क नव्हता. मी पेढा हातात धरून बसले होते. इतक्या वर्षांनी मीच विचारलं. तोंडातून गेलंच ते.

"जयमाला, तू त्या दिवशी पासबुक बघितलंस. तुला दिसलं होतं ना?"

"कुठलं? ते चौदा हजार व्हय? दिसलं की. दर म्हैन्याच्या सात तारखेला." ती खुर्चीत थोडी पुढे सरकली आणि आवाज हलका केला, घरात आम्ही दोघीच असूनही. "मी कुणाला बोलले न्हाई, मॅडम. आईला पण न्हाई. ती भ्याली असती आणि तिथंच न्हाई म्हणाली असती."

"काय बोलली नाहीस?"

"तुमचं कर्जाचं. मी वळखलं तवाच. म्हणलं, मॅडमनी पण शिकायला कर्ज काढलंय, येवढं मोठं, आणि गपचूप फेडत्यात. पगार आला की दोन दिसांत भरणा, तारीख चुकली न्हाई. दोन वर्सांची पानं बघितली मी. मला तुमचं लई भारी वाटलं. मी मनात म्हणलं, चौदा हजार भरून मॅडम अशी इस्त्रीची साडी नेसून बसत्यात, आपल्या घरी गूळ खात्यात, तर आपल्याला दोन हजार काय जड हाय? तिथंच ठरलं माझं. पगाराकडं बघून न्हाई ठरलं. पगार तर काय, कागदावर कुणीबी लिहील."

चहा उतू गेल्याचा वास आला. मी उठले नाही.

"वर्सभर तुम्हाला इचारावं वाटायचं," ती म्हणाली, "किती ऱ्हायलं, कसं भागवता. पण तुम्ही दिसला की लगबगीनं निघून जायचा. म्हणलं, मॅडमना लाज वाटत असंल. कर्जाची वाटतीच. मला पण वाटायची, मग कळलं." तिने कागद पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला, घडी मोडू न देता. मग माझ्याकडे बघितलं, तसंच, त्या दुपारी बघितलं होतं तसं. आता मला ती नजर कळली.

"तुमचं फिटलं का, मॅडम?"

खरं सांगायला एवढा वेळ लागला नसता. चार वाक्यं होती. मी ती जुळवली, ओठांपर्यंत आणली. मग वाटलं, हे ऐकून हिच्याकडे काय उरेल? आधी शाळेत आणि मग पॅकिंगच्या खोलीत उभी राहून नऊ वर्षं ती ज्याच्या जोरावर फेडत आली, तेही मी काढून घेणार. हे तिच्यासाठी वाटलं की स्वतःला वाचवण्यासाठी, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"अजून नाही," मी म्हणाले.

"अगं बाई," ती म्हणाली. पुडा उघडला, आणखी दोन पेढे काढून माझ्या हातावर ठेवले आणि माझी मूठ तिने आपल्या हातांनी मिटली. डाळिंबाच्या रंगाने तिची बोटं नखांपाशी काळी पडली होती. "फिटंल, मॅडम. माझं फिटलं की."

दीडची गाडी होती तिची. उंबऱ्यात वाकून तिने भिंतीशी ठेवलेल्या चपला घातल्या, आणि मी तेव्हाही तिला हाक मारली नाही.